सात नंबर खाटेवरचा दशरथपुत्र

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी एका पेशंटच्या मेव्हण्याचं पोट भादरलं.

पेशंटचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. तो एक्स-रे काढायला गेला होता. त्याचा मेव्हणा शिरपूरकडून डबा घेऊन उन्हातून आलेला, खाट रिकामी दिसली म्हणून आडवा झाला आणि त्याला डोळा लागला. मी साबण, वाटी, वस्तरा घेऊन पोचलो. “ऑपरेशनवाले तुम्हीच ना?” असं विचारलं. तो झोपेत “हा” म्हणाला. खानदेशातल्या झोपलेल्या माणसाला तुम्ही काहीही विचारा, तो “हा” म्हणतो. राज्य देऊ का विचारलंत तरी “हा”च म्हणेल. मी बेंबीच्या वरपासून मांडीपर्यंत मोठ्या निगुतीनं हजामत केली. मध्ये तो जागा झाला, पण हलला नाही. पुढे खरा पेशंट परत आला, सगळा उलगडा झाला, तेव्हा मी त्या मेव्हण्याला विचारलं, “अहो, बोलला का नाहीत?” तो म्हणाला, “माले वाटनं, भेटाले येतस त्यासनंबी करतस.” भेटायला येणाऱ्यांचीही करतात, असं त्याला वाटलं.

तर असा मी. माझं आडनाव भोळे, गाव असोदा, धंदा नर्सिंग. आमच्या काळी पुरुषानं नर्स होणं म्हणजे लोकांना कोडंच होतं. नर्स म्हणावं तर ती बाई. म्हणून आम्हाला ‘ब्रदर’ म्हणत. खेड्यातल्या पेशंटांना तेवढ्यानं आदर पुरेसा वाटायचा नाही, म्हणून ते ‘ब्रदरभाऊ’ म्हणायचे. असोद्यात आमचे आबा लोकांना सांगत, पोरगा डॉक्टरीच्या लायनीत आहे. आई जास्त खरं बोलायची. ती म्हणायची, “सुया टोचतो.”

धुळ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी शिकलो आणि तिथंच लागलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आता तो नाहीही. तिथं दुकानांची इमारत उभी आहे आणि जिथं आमचा पुरुषांचा वॉर्ड होता, साधारण त्या उंचीवर कुणीतरी मोबाइल दुरुस्त करतो. मी मध्ये एकदा कारण नसताना जिना चढून वर गेलो होतो. त्यानं विचारलं, “काय बिघडलंय काका?” मी आलो तसा जिना उतरलो.

चोवीस खाटांचा वॉर्ड. दोन पंखे, त्यातला एक फिरायचा. स्पिरिट आणि फिनाइलचा वास. कोपऱ्यात स्टोव्हवर पाण्यात उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजांची बारीक खणखण. सुया तेव्हा फेकून देत नसत. बोथट झाली की दगडावर घासून धार काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. आणि त्या सगळ्यावर पगारे सिस्टरांचा आवाज. मोठा नव्हता तो. पण वॉर्डच्या या टोकाला त्या हळू बोलल्या तरी त्या टोकाचा पेशंट उशी सरळ करायचा.

पगारे सिस्टर नगरकडच्या. उंचीला माझ्या खांद्याइतक्या, पण मला नेहमी त्या वरून बघतात असंच वाटायचं. वॉर्डच्या प्रमुख त्याच. मला “तुम्ही” म्हणायच्या, आणि चूक झाली की “ब्रदर” न म्हणता “भोळे” म्हणायच्या. त्यांच्या तोंडी ते आडनाव न वाटता विशेषण वाटायचं.

लोकांना वाटतं नर्सिंग म्हणजे सेवा. सेवा आहेच. पण पगारे सिस्टरांनी मला शिकवलं ते असं की यातलं निम्मं काम विचारण्याचं आहे आणि उरलेलं निम्मं लिहिण्याचं. मधल्या फटीत जमेल तेवढी सेवा करायची. औषधाच्या बाटलीवरचं नाव तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये ओढताना, बाटली परत ठेवताना. आणि माणसाचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. मेव्हण्याच्या प्रकरणानंतर त्यांनी मला तासभर समोर उभं करून हे घोकून घेतलं होतं. “‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारायचं नाही. ‘तुमचं नाव सांगा’ म्हणायचं, आणि आपलं तोंड बंद ठेवायचं. दुसरं जमेल ना?”

पहिलं जमलं. दुसऱ्यानं घात केला.

पासष्ट-सहासष्टचा उन्हाळा असेल. बहिणीच्या लग्नाला मी दहा दिवस असोद्याला गेलो होतो. परत आलो तो केळ्यांचा एक घड वॉर्डासाठी घेऊन आणि लग्नात चार लोकांनी “डॉक्टर” म्हटल्यामुळे छाती फुगवून. सकाळची ड्युटी होती. रात्रीच्या सिस्टरनी जाताना वॉर्डाच्या पुस्तकातून वाचून दाखवलं: सात नंबर, लक्ष्मणदासजी, मधुमेह, पायाला जखम, सकाळी सात वाजता नाश्त्याआधी इन्सुलिन वीस युनिट.

इथं ज्यांना घरात मधुमेह नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इन्सुलिन रक्तातली साखर उतरवतं. ज्याची साखर चढलेली आहे त्याला त्याचा आधार. पण ज्याची मुळातच बेताची आहे त्याला ते टोचलं तर साखर इतकी खाली जाते की आधी घाम, मग गुंगी, मग बेशुद्धी. आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर माणूस जातोही.

मी नसताना भरती झालेले दोन पेशंट मला ठाऊक नव्हते. एक हे लक्ष्मणदासजी, धुळ्यातले कापडाचे व्यापारी, मारवाडी. दुसरे साक्रीकडचे एक शेतकरी. मुदतीच्या तापातून उठत होते, अंगात काही उरलं नव्हतं, पेज आणि ताकावर होते. सात नंबरची खाट चालत्या पंख्याखाली होती. लक्ष्मणदासजींना पंख्याचा वारा बाधायचा. शेतकऱ्याची खाट बारा नंबर, व्हरांड्याच्या दाराशी, तिथं झळा लागायच्या. आदल्या संध्याकाळी दोघांनी आपसात ठरवलं आणि गाठोडी उचलून खाटा बदलल्या. मे महिन्यात आमच्याकडे हे चालायचंच. बसमध्ये जसे लोक खिडकीची जागा बदलून घेतात तसं. माणसं हलली. कागद मात्र खाटेच्या पायथ्याशी टांगलेले होते, ते तिथंच लटकत राहिले.

मी ट्रे घेऊन सात नंबरपाशी गेलो. तोंडावर ओला पंचा टाकून पेशंट झोपलेला. उन्हाळ्यात निम्मा वॉर्ड तसाच झोपायचा. शेजारी जमिनीवर त्याची बायको बसलेली, हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. आता पाहा, मी नियम पाळला. मी “लक्ष्मणदासजी ना?” असं विचारलं नाही.

“अक्का, यांचं नाव काय?” मी विचारलं, आणि गप्प बसलो.

ती लाजली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? आमच्याकडच्या जुन्या बायका मरून जातील पण नवऱ्याचं नाव तोंडानं घेणार नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. ती म्हणाली, “त्या झोपेल शेतस.”

“झोपू द्या. नाव सांगा.”

“मी त्यासनं नाव कसं लेऊ, भाऊ?” मग माझी अडचण तिला दिसली असावी. जमिनीकडे बघत ती म्हणाली, “दशरथ राजाना पोऱ्या.”

दशरथ राजाचा मुलगा. माझा आनंद काय सांगू. मी असोद्याचा. आमची पूर्वेकडची बोली वेगळी आणि धुळ्याकडची अहिराणी वेगळी; पण आपल्याला ती घरच्यासारखी कळते असा मला फार गर्व होता. शिवाय कोडं सोडवायचा सोस लहानपणापासूनचा. मी कागदावर नजर टाकली, लक्ष्मण हे नाव तिथं होतंच, आणि शाळेत पहिला हात वर करणाऱ्या पोरासारखा म्हणालो, “म्हणजे लक्ष्मण.”

तिनं मान हलवली. कशी हलवली ते पदरामुळे दिसलं नाही. आणि पदराआडून पुटपुटली, “त्याना भाऊ.”

मी ऐकलं, “त्याच ना, भाऊ.”

आमच्या भागात प्रत्येक वाक्याच्या शेवटी भाऊ असतो. ब्रदर म्हणून माझा तर त्यावर दुहेरी हक्क. भाऊ म्हटलं की ते मलाच, यात मला शंका यायचं कारण नव्हतं. ती बिचारी सांगत होती, लक्ष्मण नाही, त्याचा भाऊ. राम.

मी पंचा न उचलता दंडावर स्पिरिट फिरवलं आणि वीस युनिट टोचले. तो झोपेतच “हा” म्हणाला. पेज-ताकावरच्या रामचंद्राला मी लक्ष्मणाचं औषध देऊन पुढे गेलो. दोन केळी खाल्ली. सिरिंजा धुतल्या.

साडेनऊच्या सुमारास पगारे सिस्टर खाटांवरून फिरू लागल्या. मी मागे, पुस्तक घेऊन. सात नंबरपाशी त्या थांबल्या. अक्का कौतुकानं म्हणाली, “आज चांगला झोपेल शेतस, बाई.”

सिस्टरनी पेशंटचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

“ब्रदर, हात ओला आहे.”

“पंचा ओला आहे, सिस्टर.”

“पंचा तोंडावर आहे.” मग माझ्याकडे न बघता, “धुळ्यात मे महिन्यात कुणाच्या अंगावर घाम राहिलेला बघितलाय तुम्ही?”

ज्यानं खानदेशचा उन्हाळा काढलाय त्याला हे समजेल. आमच्याकडे घाम येतो, पण थांबत नाही. कोरडी हवा तो जागच्या जागी पिऊन टाकते. संध्याकाळी सदऱ्यावर मिठाची पांढरी रेघ दिसते तेवढीच. जन्मापासून मी त्या हवेत वावरत होतो आणि मला ते कधी सुचलं नव्हतं. सिस्टर बाहेरगावच्या, त्यांच्या ते लक्षात होतं.

“इन्सुलिन दिलं?”

“सातला.”

“नाश्ता केला यांनी?” आणि उत्तराची वाट न बघता त्या वाकल्या, खांदा हलवून हाका मारू लागल्या, “लक्ष्मणदासजी. अहो लक्ष्मणदासजी, डोळे उघडा.”

घशातून घरघर. हात सोडला तो कापडासारखा पडला. सिस्टरनी पुन्हा हाक मारली, लक्ष्मणदासजी. तेवढ्यात अक्का उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं सावरला नाही.

“लक्ष्मण नही, बाई,” ती म्हणाली. “रामचंद्र. मन्हा मालकनं नाव रामचंद्र शे.”

सबंध वॉर्डाला ऐकू गेलं. सिस्टरनी पंचा उचलला, चेहरा पाहिला, मग बारा नंबरकडे पाहिलं. बारा नंबरवरून लक्ष्मणदासजी दातण टाकून येताना दिसले आणि लांबूनच मला म्हणाले, “ब्रदरजी, आज आमची सुई राहिली. भूल गये क्या?”

त्यानंतरची दहा मिनिटं मला सलग आठवत नाहीत. सिस्टरनी मला ग्लुकोज आणायला पिटाळलं, एवढं आठवतं. कपाटाचं कुलूप उघडेना. मग लक्षात आलं, ते उघडंच होतं. डॉक्टर आले. ते माझ्याच वयाचे, नुकतेच पास झालेले. दंडावर रबराची नळी मी बांधली ती इतकी सैल की सिस्टरनी ती सोडून पुन्हा स्वतः बांधली. शिरेतून ग्लुकोज जाऊ लागलं. एक सिरिंज. दुसरी. अक्का खाटेच्या पायाला धरून उभी होती आणि ते नाव पुन्हा पुन्हा घेत होती, हळू, स्वतःशीच. एकदा घेतल्यावर आता राखायचं काय, असं असेल.

तिसऱ्या सिरिंजच्या मध्यावर रामचंद्रांनी डोळे उघडले. आम्हा चौघांना आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, “भूक लागनी.”

मी व्हरांड्यात जाऊन रडलो. हे इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

इन्सुलिन एकदा आत गेलं की बराच वेळ काम करत राहतं, म्हणून माणसानं डोळे उघडले तरी सोडून चालत नाही. सिस्टरनी मला स्टूल दिलं. “संध्याकाळपर्यंत इथून हलायचं नाही. अर्ध्या तासानं साखरेचं पाणी, दर वेळी नाडी, दर वेळी नोंद.” मग थोड्या वेळानं येऊन म्हणाल्या, “यांना सांगितलं?”

“काय?”

“काय झालं ते.”

मी म्हटलं, आता ते बरे आहेत, उगाच घाबरतील. सिस्टर म्हणाल्या, “अंग त्यांचं आहे. त्यात काय घातलं ते त्यांना कळायला नको?”

मी सांगितलं. धड सांगता येत नव्हतं, पण सांगितलं. दुसऱ्याची सुई तुम्हाला टोचली. माझ्या हातून. रामचंद्र ऐकत राहिले. आता हा माणूस उठून माझी गचांडी धरणार, असं मला वाटलं. धरली असती तर बरं वाटलं असतं. अक्का मात्र भलत्याच गोष्टीवर रुसली होती.

“तुमनामुये माले नाव लेनं पडनं, भाऊ,” ती म्हणाली. माझ्यामुळे तिला नवऱ्याचं नाव घ्यावं लागलं, तेही सगळ्यांसमोर.

रामचंद्र साखरेचं पाणी पीत म्हणाले, “आते रोज लेत जाय.”

ती हसली नाही. पण संध्याकाळच्या गोळ्या घेऊन मी गेलो, तेव्हा मी विचारायच्या आत तिनं दुसरीकडे तोंड करून नाव सांगितलं. त्यांची सुट्टी होईपर्यंत, दर गोळीला सांगत राहिली.

दुपारी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “भोळे, माणूस वाचला. लिहून काय मिळणार? अशक्तपणा होता, गुंगी आली, ग्लुकोज दिलं. यात खोटं काय आहे?” माणूस चांगला होता, माझ्या भल्याचंच बोलत होता. आणि खरंच, त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

वॉर्डाचं पुस्तक म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. जाड पुठ्ठ्याची वही. प्रत्येक ड्युटीनं त्यात काय घडलं ते लिहायचं, पुढच्या ड्युटीला वाचून दाखवायचं, मग घरी जायचं. पगारे सिस्टरांच्या लेखी, पुस्तकात नसलेली पट्टी बांधलेलीच नसायची. उद्या कोर्टकचेरी झाली तर तेच पुस्तक. आणि दर महिन्याला विश्वस्तांपैकी एक जण येऊन ते चाळून जायचा.

मी स्टुलावर बसून लिहिलं, “सात नंबरच्या रुग्णास अशक्तपणामुळे गुंगी आली.” सिस्टरनी वाचलं. “अशक्तपणा सकाळी सातनंतरच का आला?” पुस्तक परत.

मी खाली लिहिलं, “अनवधानाने इन्सुलिन दिले गेले.” सिस्टर म्हणाल्या, “दिले गेले? कोण गेलं होतं द्यायला?” पुस्तक परत.

तिसऱ्यांदा जे लिहिलं त्याची आजही लाज वाटते. “रुग्णाच्या पत्नीने नावाबाबत स्पष्ट माहिती न दिल्यामुळे.” हे वाचून सिस्टरनी पुस्तक मिटलं. मग माझ्या नावानं हाक मारली, ती ‘भोळे’ अशी.

“भोळे, तिनं सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं. तिच्या रीतीत बसेल तसं सांगितलं. ऐकायचं काम कुणाचं होतं?”

चौथ्यांदा मी ‘मी’ या शब्दानं सुरुवात केली. एकदा ते एक अक्षर पडलं की बाकीचं वाक्य आपोआप आलं. मी, ब्रदर भोळे, नाव पेशंटकडून न घेता, तोंड न पाहता, सात नंबरच्या कागदावरून मूळ बारा नंबरच्या पेशंटला इन्सुलिन वीस युनिट टोचले. आधीच्या तिन्ही ओळी सिस्टरनी मला खोडू दिल्या नाहीत. वाचता येईल अशी एकेक रेघ मारून सही करायला लावली. पुस्तकात शाई सांडली तरी पान फाडायचं नसतं.

मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली दोन वाक्यं लिहिली. “खाटांची अदलाबदल काल संध्याकाळी माझ्या ड्युटीत झाली. मी पाहिली नाही.” खाली सही.

मी म्हटलं, “सिस्टर, हे कशाला? हे कुणी विचारलं नसतं.”

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या आणि पाच नंबरची पट्टी बदलायला गेल्या.

मला तीन महिने औषधांच्या ट्रेला हात लावायची बंदी झाली. अंघोळी घालणं, भांडी देणं, चादरी बदलणं, पाठीला पावडर लावणं. असोद्यात कळलं असतं तर आबांची मान खाली गेली असती. पण खरं सांगतो, माणसं मी त्या तीन महिन्यांत ओळखायला शिकलो. ज्याची पाठ रोज धुतलीत त्याचं नाव विसरणं कठीण असतं.

दोन वर्षांनी आमच्या मेट्रन, म्हणजे दवाखान्यातल्या सगळ्या नर्सांच्या प्रमुख, निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी पगारे सिस्टर येणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. स्वयंपाकघरात शिऱ्याची तयारीसुद्धा झाली होती. आल्या त्या बाहेरच्या एक बाई. सिस्टर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी आल्या, नव्या मेट्रनना वॉर्ड दाखवला, कपाटांच्या किल्ल्यांची ओळख करून दिली. शिरा आम्ही नव्या बाईंच्या स्वागताचा म्हणून खाल्ला.

पुढे केव्हातरी ऑफिसातला हेडक्लार्क चहा पिता पिता मला म्हणाला, “तुमच्या सिस्टरांचं नाव पक्कं होतं हो. पण विश्वस्तांमधल्या एकानं ते जुनं पुस्तक काढलं. म्हणाला, जिनं स्वतःच लिहून दिलंय की माझं लक्ष नव्हतं, तिच्या हाती सगळा दवाखाना कसा द्यायचा?” त्यानं बशीत चहा ओतला. “खुळी बाई. लिहायचं कशाला?”

हे खरं की त्यानं रंगवून सांगितलं, मला माहीत नाही. मी सिस्टरांना विचारलं नाही. वॉर्डात रोज आठ तास सोबत असायचो. गोळ्या मोजताना, चादरीची चार टोकं दोघांनी धरताना, कितीदा तोंडाशी आलं. त्या मला पेशंटचं नाव विचारायला शिकवत होत्या आणि मला त्यांनाच एक प्रश्न विचारता येत नव्हता.

मी पुढे जळगावला आलो, तिथं बरीच वर्षं काढली, निवृत्त झालो. हल्लीच पित्ताशयाच्या खड्यांसाठी जळगावच्या एका चकचकीत दवाखान्यात चार दिवस पडून होतो. मनगटावर नाव छापलेली पट्टी, तिच्यावर काळ्या रेघा. पोरगी यायची, पट्टीवर यंत्र धरायची, ते टुक करायचं, पोरगी इंजेक्शन द्यायची. चूक होणं अवघड आहे, मान्य. असं यंत्र आमच्याकडे असतं तर रामचंद्र त्या दिवशी निवांत झोपले असते. पण चार दिवसांत माझं नाव मला कुणी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी मीच त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “आहे आजोबा, सिस्टिममध्ये.” मुलगी कामात चोख होती. तिच्या हातात काही कमी नव्हतं. मलाच तेव्हा तो वॉर्ड हवासा झाला होता, आणि कुणीतरी खाटेपाशी थांबून माझ्या बोलण्याची वाट बघावी असं वाटत होतं.

मेट्रनची जागा गेल्यावर सिस्टर वर्षभर राहिल्या. मग नगरला भावाकडे जायचं ठरलं. वॉर्ड माझ्याकडे आला. त्या जायच्या दिवशी मी त्यांची ट्रंक घेऊन धुळ्याच्या स्टँडवर गेलो. चार दिवस मी एक वाक्य तयार करत होतो. ‘दिले गेले’सारखं वाक्य करायचं नाही, हे ठरवलं होतं. वाक्य ‘मी’पासून सुरू होत होतं.

नगरची गाडी लागली. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली, गजांना धरून उभा. कंडक्टर अजून चढला नव्हता. “सिस्टर,” मी म्हणालो.

“तीन नंबरची जखम संध्याकाळी बघा,” त्या म्हणाल्या. “वरून कोरडी वाटते, कडेला दाबून बघा.”

“हो. सिस्टर, मला…”

“अकरा नंबर गोळी जिभेखाली ठेवतो आणि नंतर थुंकतो. पाणी पिऊन होईपर्यंत समोरून हलू नका. सोळा नंबरचा मुलगा कबूल करत नाही, पण वडिलांना घरी नेऊन ठेवायला त्याच्याकडे कुणी बाईमाणूस नाही. सुट्टीची घाई करू नका. त्याच्याशी बोला.”

त्या एकेक खाट घेत गेल्या. सतरा, अठरा, एकोणीस. वही नव्हती, सगळं तोंडपाठ. मध्ये श्वासापुरतीही जागा सोडली नाही. पंचवीस वर्षं पेशंटांच्या नजरा वाचलेली बाई. माझ्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यांना दिसत नसेल असं मी मानत नाही. मला विचारू द्यायचं नव्हतं त्यांना. आणि खरं ते लिहायचं तर, मीही मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो की खाटा संपू नयेत.

बावीस नंबरला गाडी सुरू झाली. मी दहा-पंधरा पावलं गजाबरोबर चाललो. त्या काहीतरी सांगत होत्या, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी नेहमीसारखी मान हलवली, कळल्यासारखी.

मग लक्षात आलं, आता तरी विचारायला हवं होतं, काय म्हणालात म्हणून. गाडी तोवर वळणावर गेली होती. ऊन डोक्यावर आलं होतं. बाराच्या गोळ्यांना उशीर झाला होता, म्हणून मी रिक्षा न शोधता झपाझप चालत वॉर्डात परतलो, आणि तेवीस आणि चोवीस नंबरपाशी जाऊन, त्यांना काय हवं होतं ते त्यांनाच विचारत बसलो.